सिस्टर, एक विचारू? : कोयत्यासमोर भिशीचा हप्ता

या महिन्याच्या टपालात चार पत्रं एकाच गोष्टीभोवती फिरणारी निघाली. समोर कुणीतरी मारायला उभं आहे, त्या क्षणी काय करायचं? नव्या वाचकांसाठी सांगते, मी पुण्यातल्या मनोरुग्ण विभागांत एकोणतीस वर्षं नर्स होते. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणाच्या अंगावर जात नाहीत, उलट मार खाणारीच त्यांच्यात जास्त पाहिली. पण अंगावर येणारी माणसंही पाहिली, अगदी हातभर अंतरावरून. त्या अनुभवातून लिहिते आहे.

प्रश्न : सिस्टर, मी धायरीत राहते, वय ४२. हिंजवडीतल्या एका कंपनीत पगाराचं काम बघते, त्यामुळे महिनाअखेरीला उशीर होतो. गेल्या महिन्यात रात्री साडेदहाला स्कूटरवरून येताना नवले पुलापुढच्या सर्व्हिस रोडला दोन मुलं आडवी आली. एकाने कोयता हँडलवर टेकवला आणि म्हणाला, "मावशी, गाडी सोड." माझ्या तोंडून काय निघालं तर, "अरे, तू मंगलचा ना? आईला सांग, दोन महिन्यांची भिशी राहिलीय. मी किती दिवस तिच्या वाटचे भरू?" मंगल नावाची बाई आमच्या भिशीत आहे, तिला मुलगीच आहे. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला, मग जोडीदाराकडे वळून काहीतरी म्हणाला. तेवढ्यात मी गाडी पळवली. यजमान म्हणतात, हा मूर्खपणा होता, गाडी देऊन टाकायची होतीस. नणंद सोसायटीच्या ग्रुपवर माझं कौतुक करते आणि तिच्या मुलीलाही "असंच करायचं" म्हणून शिकवते. मला मात्र रात्री झोप नाही. कडी लावली का, हे तीनतीनदा उठून बघते. ती हुशारी होती की नशीब?

उत्तर : ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना माझं सगळं लक्ष त्या मुलाकडे होतं.

आधी एक सांगते. तुम्ही धडधाकट घरी पोचलात. त्या रात्रीचं काम तेवढंच होतं आणि ते तुम्ही केलंत. यजमानांना हे वाक्य वाचून दाखवा. त्यांच्या रागामागे भीती आहे, मी असे अनेक नवरे वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलेले पाहिलेत.

आता तुमचा प्रश्न. कोयता काढणाऱ्याच्या डोक्यात पुढचं सगळं ठरलेलं असतं. समोरची बाई किंचाळेल, हात जोडेल, नाहीतर झटापट करेल. या तिन्हींची त्याची तयारी असते. भिशीच्या हप्त्याची नसते. पावलॉव्ह हे नाव आम्हाला नर्सिंगला कुत्रा, घंटा आणि लाळ यांच्यासाठी शिकवलं होतं. पण त्यांनी आणखी एक गोष्ट टिपली होती. अनपेक्षित काही घडलं की प्राणी हातातलं काम सोडून आधी तिकडे वळतो. या प्रतिक्षिप्त क्रियेला त्यांनी "हे काय?" असंच नाव दिलं होतं. त्या मुलाच्या डोक्यात तेच झालं. हातात कोयता होता, पण डोकं मंगल कोण हे शोधायला गेलं. ते परत यायच्या आत तुम्ही अ‍ॅक्सिलरेटर पिळलात. हे सगळ्यांत महत्त्वाचं. वाक्य बोलून तुम्ही तिथे थांबून राहिला असतात, तर आज हे पत्र कदाचित आलं नसतं.

माझ्या बाबतीत हे नव्वदच्या दशकात घडलं. रात्रपाळीला एक पेशंट सलाइनचा लोखंडी स्टँड दोन्ही हातांनी डोक्यावर धरून माझ्यापुढे उभा राहिला. औषधात विष घालते, असा त्याचा पक्का समज झाला होता. वॉर्डातले मामा दुसऱ्या टोकाला होते. मी म्हणाले, "अहो, त्याचं चाक निसटतंय, कुणाच्या तरी पायावर पडेल. जरा खाली धरा, मी बसवते." त्याने मान वर करून चाकाकडे पाहिलं. मारायला निघालेला माणूस दोन क्षणांसाठी मदत करणारा झाला. स्टँड खाली आला, तोवर मी दाराबाहेर होते. ते वाक्य मी ठरवून बोलले नव्हते. चाक खरंच ढिलं होतं आणि रोज ते माझ्या पायात यायचं, म्हणून तेच तोंडात आलं. तुमच्या भिशीसारखंच.

याहून फार मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. २०१३च्या ऑगस्टमध्ये जॉर्जिया राज्यात एका प्राथमिक शाळेच्या कार्यालयात एक तरुण रायफल आणि शेकडो गोळ्या घेऊन शिरला. तिथे हिशेबाचं काम बघणाऱ्या अँटोनेट टफ समोर सापडल्या. त्यांनी त्याला स्वतःच्या आयुष्याबद्दल सांगितलं. नवरा सोडून गेला, मुलगा अपंग आहे, जगावंसं वाटत नव्हतं, तरी आज मी उभी आहे. शेवटी त्याने शस्त्र खाली ठेवलं. कुणालाही इजा झाली नाही. पोलिसांना लावलेला फोन सगळा वेळ सुरू होता, म्हणून हे शब्द जगाला ऐकायला मिळाले. माझ्या मते टफबाईंनी युक्ती केलीच नाही. ज्याला सगळे राक्षस समजणार होते, त्याच्याशी त्या खरं बोलल्या, आणि नेमकी खरं ऐकण्याचीच त्याची तयारी नव्हती.

आता नणंदेसाठी. माझ्या डाव्या हाताची करंगळी पूर्ण वाकत नाही. दारू अचानक तुटल्यामुळे भ्रमात गेलेल्या एका पेशंटला मी असंच काहीतरी विचारलं होतं, "चहा आणू का?" वगैरे. मागच्या वेळी जमलं म्हणून या वेळीही जमेल, असं मी धरून चालले होते. पण त्याला मी दिसतच नव्हते. त्याला भिंतीवर किडे दिसत होते आणि मी त्यांच्यातलीच एक होते. माझं वाक्य त्याच्यापर्यंत पोचलंच नाही, त्याने दारच माझ्या हातावर आपटलं. डोकं दुसरीकडे वळवायचं, तर आधी ते जागेवर असावं लागतं. दारू, गांजा, नशेच्या गोळ्या किंवा भ्रम यांत बुडालेल्या माणसापुढे वाक्य शोधू नका. मागे सरका, मध्ये टेबल, गाडी, दार काहीही आणा आणि निघा.

ताई, तुमच्या प्रसंगात आणखी एक गोष्ट होती, ती कुणाच्याच लक्षात आलेली दिसत नाही. मंगल त्या मुलाची आई नव्हती. म्हणून तो गोंधळला. ती खरंच त्याची आई निघाली असती, तर त्याला वाटलं असतं की या बाईने आपल्याला ओळखलं, आणि ओळख पटली या भीतीने वार करणारे असतात. त्यामुळे लुटणारा खरंच ओळखीचा वाटला, तर चेहऱ्यावर दाखवू नका. नणंदेला हा परिच्छेद नक्की वाचायला द्या. "तू अमक्याचा ना" हे वाक्य मुलीला पाठ करून देऊ नका. वाक्य चालत नसतं, त्या क्षणाला ते किती परकं आहे हे चालतं, आणि तेही एकदाच.

यजमानांचंही एक बरोबर आहे. समोरच्याला नुसती वस्तू हवी असेल, तर वस्तू द्या. गाडीचा विमा असतो. चावी हातात देऊ नका, त्याच्यापासून लांब बाजूला टाका, आणि तो तिकडे वळला की तुम्ही दुसरीकडे पळा. पण कुणी "गाडीवर बस", "आत चल", "तिकडे आडोशाला ये" म्हणू लागला, तर हिशेब बदलतो. तुम्हाला एका जागेहून दुसरीकडे नेणारा माणूस वस्तूसाठी आलेला नसतो. तिथे वाटेल ते करा. ओकारी काढा, रस्त्यातच अंग टाकून द्या, कुत्र्यासारखं भुंका, येणाऱ्या रिक्षापुढे हात पसरा. लाज वाटेल असं जे काही सुचेल, ते त्या वेळी करायचं. आपल्याकडच्या मुलींना लहानपणापासून "तमाशा करू नकोस" असं शिकवलेलं असतं. हल्ला करणारा त्याच शिकवणीच्या भरवशावर असतो.

तुमच्या झोपेबद्दल. शरीराने त्या रात्री धोक्याची घंटा वाजवली, ती बंद व्हायला वेळ लागतो. थरथर, दचकणं, कडी तपासणं हे काही आठवडे चालतं. महिना उलटूनही त्याच स्वप्नाने जाग येत असेल, तो रस्ता टाळण्यासाठी नोकरी सोडावीशी वाटत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, मराठीतही बोलतात. आणि तक्रार द्या. "काही गेलं नाही, मग कशाला" असं तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय. कोयता दाखवून गाडी मागणं हा प्रयत्नसुद्धा गुन्हाच आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे कोणत्याही पोलीस ठाण्यात अशी तक्रार नोंदवता येते. "आमच्या हद्दीत नाही" म्हणून परत पाठवता येत नाही. त्या सर्व्हिस रोडने महिनाअखेरीला घरी येणाऱ्या तुम्ही एकट्याच नाही.

प्रश्न : मी वीस वर्षांचा आहे, मूळचा बीडचा. नारायण पेठेत कॉट बेसिसवर राहतो. रात्री चहा पिऊन येताना तिघांनी मला भिंतीला लावलं, दोन थोबाडीत दिल्या आणि मोबाइल नेला. मी नुसता उभा राहिलो. आवाजच फुटेना. आता रूममेट मला "पुतळा" म्हणतात. पुढच्या वेळी समोरचा चकित होईल असं काय करू?

उत्तर : बाळा, आधी त्या रूममेटना उत्तर देऊ.

मोठ्या धोक्यात शरीराकडे लढणं आणि पळणं यांच्याशिवाय तिसरा मार्ग असतो, गोठणं. उंदीर मांजरापुढे निपचित पडतो, तेच. हातपाय ऐकत नाहीत, घसा बंद होतो, कधी कधी सगळं लांबून कुणी दुसऱ्यालाच होतंय असं वाटतं. हा निर्णय तू घेतलाच नाहीस. निर्णय घेणारा मेंदूचा भाग त्या वेळी बाजूला पडलेला असतो. पैलवानांनाही झालेलं मी ऐकलंय, पोलिसांनाही. आणि तिघांपुढे, भिंतीला पाठ लागलेली असताना, तुझ्या शरीराने निवडलेला मार्ग वाईट नव्हता. तू जखमी झाला नाहीस.

गोठलेलं अंग सुटायला मोठ्या हालचालीपासून सुरुवात करायची नसते. पायाची बोटं चपलेत दाब. तोंडाने श्वास लांब बाहेर सोड, घेण्याकडे लक्ष देऊ नको. श्वास बाहेर पडला की आवाज निघण्याची शक्यता वाढते. आणि एक वाक्य खोलीत मोठ्याने म्हणून घशाला सवय लाव. "मागे सर!" एवढं पुरे. पंचवीस वेळा मोठ्याने, रूममेट हसले तरी. नर्सिंगच्या मुलींकडून मी हेच करून घ्यायचे. पहिल्या दिवशी निम्म्या मुलींच्या तोंडून कुजबुजच यायची.

हात छातीच्या उंचीवर, तळवे उघडे ठेवायला शीक. बघणाऱ्याला ते "शांत हो" असं दिसतं, आणि थोबाडीत आली तर हात आधीच तिथे असतात. अगदी समोरासमोर उभा राहू नको, थोडा तिरका राहा. बडबडणारा माणूस अचानक गप्प झाला, त्याचा जबडा आवळला आणि तो आजूबाजूला कोण बघतंय हे पाहू लागला, तर फटका येणार. शिव्या चालू आहेत तोवर सहसा वेळ असतो.

चकित करण्याचा विचार सध्या सोड. तो या सगळ्यानंतरचा आहे. मोबाइलचं मात्र आजच कर. सिम बंद करून घे, पोलीस तक्रारीची प्रत घे, आणि सरकारच्या संचार साथी संकेतस्थळावर आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा ओळख नंबर, टाकून तो ब्लॉक कर.

प्रश्न : मुलगी एमपीएससीसाठी सदाशिव पेठेत राहते. मी साताऱ्यात. तिला पेपर स्प्रे घेऊन देऊ का? त्याने ती अडचणीत तर येणार नाही?

उत्तर : द्या. स्वसंरक्षणासाठी तो बाळगायला परवाना लागत नाही. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ खासगी बचावाच्या हक्काबद्दल आहेत. बचावाला लागेल तेवढं बळ वापरता येतं, धोका टळल्यावर मारत राहता येत नाही. पण बॅगेच्या तळाशी डब्याखाली ठेवलेला स्प्रे काही कामाचा नाही, आणि वाऱ्याच्या विरुद्ध मारला तर तिच्याच डोळ्यांत जाईल. एक जादा घ्या आणि गच्चीवर मारून बघायला सांगा.

त्यासोबत तिला हाक मारायला शिकवा. गर्दीत "वाचवा" म्हटलं की प्रत्येकाला वाटतं, दुसरा जाईल. एकाला नेमून बोलावं लागतं. "ओ निळा शर्टवाले दादा, ११२ लावा! काकू, दुकानाचं शटर उघडा!" जून २०२३ मध्ये पेरूगेटजवळ भर सकाळी एका मुलीमागे कोयता घेऊन धावणाऱ्याला एमपीएससी करणाऱ्या तरुणाने पुढे होऊन अडवलं, कोयत्याचा हात धरला. गर्दी बाजूला होते असा हल्लेखोराचा हिशेब होता. त्या मुलाने तो मोडला. तुमच्या मुलीच्या अभ्यासिकेत अशी मुलं बसलेली आहेत. तिने त्यांची नावं माहीत करून घ्यावीत.

प्रश्न : सिस्टर, मी हडपसरला राहते. नवरा पिऊन आला की मारतो. एकदा गळाही दाबला होता. दुसऱ्या दिवशी रडतो, माफी मागतो. असल्या वेळी काही वेगळं करावं, असं ऐकलं. त्याने हात उगारला की मी जोरात हसले किंवा आरती म्हणू लागले, तर तो थांबेल का?

उत्तर : नाही. असं काहीही करू नका.

वर मी जे लिहिलं, ते अनोळखी माणसाबद्दल आहे. त्याला तुम्ही कोण हे माहीत नसतं, म्हणून तो गोंधळतो. तुमच्या नवऱ्याला तुमचं हसणं, रडणं, गप्प बसणं सगळं पाठ आहे. तुमचं हसणं त्याला अपमान वाटेल, आणि तो प्यालेला असेल. अनोळखी माणसाकडून मिळालेल्या दोन क्षणांत पळून घरी जाता येतं. तुमच्याकडे तर तो घरातच आहे.

गळा दाबल्याचं तुम्ही अर्ध्या वाक्यात लिहून पुढे गेलात, मी तिथेच थांबले. हात उचलणाऱ्यांमध्ये गळा दाबणारा सगळ्यांत धोक्याचा. पुढे जीव जाण्याचा संभव तिथून बराच वाढतो. खूण दिसली नाही तरी आत इजा असू शकते. गिळताना दुखत असेल, आवाज बसला असेल, चक्कर येत असेल, तर आजच दवाखान्यात जा आणि कसं झालं ते डॉक्टरांना खरं सांगा. तो कागद जपून ठेवा.

तो पिऊन आला की स्वयंपाकघरात थांबू नका, तिथे सुरी आणि स्टोव्ह असतात. बाथरूममध्येही जाऊ नका, तिथून बाहेर पडायला दुसरी वाट नसते. दाराच्या बाजूला राहा. आधार कार्ड, बँकेचं पासबुक, मुलांचे दाखले, थोडे पैसे, दाराची जादा चावी आणि रोजची औषधं एका पिशवीत भरून घराबाहेर कुणाकडे तरी ठेवा. २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याप्रमाणे तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे, घर त्याच्या नावावर असलं तरी. याच कायद्याखाली नेमलेले संरक्षण अधिकारी तुमचा अर्ज न्यायालयापर्यंत नेतात. वकिलाचे पैसे नसतील तरी चालेल, महिलांना कमाई न बघता मोफत वकील मिळतो, त्यासाठी शिवाजीनगरच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणात जा. बोलायला महिलांची हेल्पलाइन १८१, अंगावर आल्यावर ११२.

शेजारच्या आजींबद्दल तुम्ही लिहिलंय की त्या रोज संध्याकाळी विरजण मागायला येतात. उद्या त्या आल्या की त्यांना एकच सांगा. माझ्याकडून "आजी, आज विरजण लागलं नाही हो" अशी हाक भिंतीपलीकडून आली, की दार वाजवायचं नाही, काही विचारायचं नाही, सरळ ११२ लावायचा. पिशवीही त्यांच्याकडेच ठेवा.